सरी मिटायचा महिना

बीड,
ता. २८ ऑक्टोबर २००३

सौ. मनकर्णा वहिनीस,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे क्षेम आहे. तुझे व दादाचे क्षेम कळवावे.

तुमचा ऊसतोडीचा ट्रक चौसाळ्याच्या फाट्यावरून निघाला तेव्हा तो दिसेनासा होईपर्यंत मी उभी होते. हे दादाला सांगू नकोस, तो मला रडकी म्हणून चिडवील. दिवाळीच्या सुट्टीत नर्सिंग ट्रेनिंगच्या सगळ्या मुली घरी गेल्या. मी राहिले. आईनेच निरोप दिला की येऊ नकोस, टँकर येईल तेव्हा पाणी, आणि ती स्वतः म्हशीला घेऊन सोसायटीच्या चारा छावणीत मुक्कामाला आहे. म्हणजे घरी गेले असते तरी कुलूपच भेटले असते. इथे खोलीत सगळ्या खाटा रिकाम्या आहेत. मी रोज वेगळ्या खाटेवर बसून अभ्यास करते. तेवढेच खोलीत कोणीतरी राहते आहे असे वाटते.

वहिनी, पुढचे लिहू की नको याचा मी फार विचार केला. एकदा लिहून फाडलेही. सुट्टीच्या आधी ट्यूटरबाईंनी आम्हाला बाळाची मज्जासंस्था पोटात कशी तयार होते ते शिकवले. मज्जासंस्था म्हणजे मेंदू, पाठीच्या कण्यातली दोरी आणि अंगभर पसरलेल्या नसा. हे सगळे सातव्या-आठव्या महिन्यात होत असेल असे मला वाटायचे. तसे नाही. हात, पाय, डोळे काही नसते, बाळ मुगाच्या डाळीएवढेही नसते, तेव्हा त्याच्या पाठीवर एक सरी पडते. उसाला पाडतात तशीच सरी, आणि दोन्ही बाजूंना वरंबे. ते वरंबे वर येतात, एकमेकांकडे झुकतात आणि सरीवरून मिटतात. आधी मानेपाशी मिटतात, मग वर डोक्याकडे आणि खाली कमरेकडे. सरीची नळी होते. वरचा भाग फुगून मेंदू होतो, खालचा पाठीची दोरी. हे सगळे पहिल्या महिन्यातच उरकते. आईची पाळी चुकून जेमतेम पंधरवडा झालेला असतो, कित्येकींना कळलेलेही नसते.

आणि कधी कधी खालचे टोक मिटत नाही.

बाईंनी फळ्यावर ते चित्र काढले तेव्हा मी ओळखले. तुझ्या बाळाच्या कमरेवर होते तेच. बारसे झाले नाही म्हणून तिला नाव नाही, मनातल्या मनात तिला काय म्हणावे तेही मला कळत नाही. पण वहिनी, ते गिऱ्हाणाने झाले नव्हते. चार वर्षांमागे आषाढातल्या आवसेला सूर्याला गिऱ्हाण लागले तेव्हा तुला चौथा महिना संपत आला होता. पाठ मिटायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. तू त्या दिवशी विळा हातात घेतलास म्हणून काही झाले नाही. सगळ्यांनी तुला उगाच बोल लावला.

आता दुसरे. फॉलिक ॲसिडच्या बारीक गोळ्या असतात. दिवस राहण्याच्या आधीपासून घेतल्या तर सरी नीट मिटायला फार मदत होते. ज्या बाईचे आधीचे बाळ असे झाले तिला त्या जास्त ताकदीच्या द्याव्या लागतात, म्हणून मी बाईंना विचारून पाठवीन. तुम्ही पुन्हा विचार करत असाल तर आत्तापासून घे. नसाल करत तर मी हे लिहिलेच नाही असे समज.

लोभ आहेच, तो फडातल्या उन्हात सुकू देऊ नकोस.

तुझी,
आम्रपाली


कारखान्याचा तळ,
२० नोव्हेंबर

नणंदबाई आमरपालीस मनकर्णाचा जयभीम. आमी दोघं बरे हाव.

तुमचं पत्र आलं. मीच वाचलं, यांच्या हातात दिलं न्हाई. जोडाक्षरं लई घातली तुमी. शिकवताना म्हनायच्या का वहिनी हळूहळू येतंय, आन् पत्रात एकदम समदीच. मज्जा ह्या शब्दापशी मी थांबले. वाटलं, बाळाची मज्जा पयल्याच म्हैन्यात तयार हुती, मंग आमचीच कावून राहिली? शेजारच्या कोपीतल्या सत्यभामाला वाचून दावलं तर ती हसू हसू लोळली. आता रोज फडात निघताना म्हनती, चल गं, मज्जा करायला. पहाटचं चार वाजता, थंडीत, कोयता घिऊन.

मंग पुढं वाचलं आन् पत्र मिटून चुलीमागं ठिवलं. दोन दिसानं पुन्हा काढलं.

तुमी म्हनता गिऱ्हाणानं न्हाई. तुमी शिकलेल्या, तुमाला ठावं. पर आत्याबाई तवा म्हनल्या हुत्या, आपन बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव सोडले, पर गिऱ्हाण काय देव हाय का सोडायला. ते मनातून जात न्हाई. इथं कार्तिकाच्या पुनवेला पहाटं गिऱ्हाण लागलं. तांबडा चंद्र बुडत हुता. मी म्हनलं, आज मी कोपीतून निघत न्हाई. धुळाजी मुकादम दारात यिऊन म्हनला, चंद्राला हुईल ते हुईल, गाडी भरायची हाय. गेले.

गोळ्या नका धाडू. झोळी आदी बांधू न्हाई, आंगडं आदी शिवू न्हाई, आन् तुमी म्हनता दिवस जायच्या आदी औषद. असं कुनी केलंय का? आमचा काई इचार बी न्हाई.

म्हशीला उसाच्या शेंड्याचं वाढं मिळतं का? इथून तुमच्या छावणीला वाढ्याच्या गाड्या जात्यात म्हनं. आपल्याच म्हशीनं मी तोडलेलं खाल्लं तर बरं. तिला कोन सांगनार म्हना. कुनी इकडं येनार असंल तर चिंचंचा गोळा धाडा. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरून गाडीत चढताना डोळ्यापुढं अंधारी येती. तोंडाला चव न्हाई.

तुमची पाठ आता कोन चोळतं? मी तुमच्या मणक्यावर बोट ठिवून उजळणी म्हनायची, आठवतं का? इसाच्या पुढं नेहमी चुकायची.

भूल पडू देऊ नका.

मनकर्णा


बीड,
ता. ८ डिसेंबर २००३

सौ. मनकर्णा वहिनीस,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझे पत्र फार उशिरा पोचले. पहिल्यांदा वाचताना मीही हसले. मुली जेवायला गेल्या होत्या, रिकाम्या खोलीत एकटीचे हसणे मोठे विचित्र ऐकू येते. मग चिंचेपाशी आले आणि हसू गेले. वहिनी, तुला दिवस गेलेत का? तीन महिने पुरे होऊन चोरओटी होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही, दृष्ट लागते, ही रीत मला माहीत आहे. म्हणून तू लिहिले नाहीस. पण ही रीत आणि ती सरी यांचे वेळापत्रक जुळत नाही गं. आपण सांगायला लागतो तोवर पाठीचे काम आटोपलेले असते.

छावणीला वाढे आणणाऱ्या ट्रकवर चौसाळ्याचा कय्युम ड्रायव्हर आहे, आपल्या शेजारच्या रुकसानाभाभीचा भाऊ. त्याच्याजवळ चिंचेचा गोळा आणि गोळ्यांचे पाकीट देते आहे. दिवस गेले असतील तर आजपासून रोज एक घे. मी तुला खोटे सांगणार नाही. सरी मिटण्यासाठी त्या आधी घ्यायला हव्या होत्या. तरी पहिले तीन महिने द्याव्यात असे बाई सांगतात, बाळाची बाकीची वाढ चालूच असते. आणि मोळी घेऊन फळीवर चढू नकोस. हे मी इथे खुर्चीत बसून लिहिते आहे हे मला कळते. तू चढली नाहीस तर दादा एकटा गाडी कशी भरील, तेही कळते. तरी लिहिते.

सुट्टीवरून मुली केव्हाच परत आल्या आहेत. त्यांच्या घरचे फराळाचे डबे अजून पुरतात. मला देतात. मी अभ्यास आहे म्हणते.

उत्तर लवकर दे. नुसते हो किंवा नाही लिहिलेस तरी चालेल. माया आहे तशी राहू दे.

आम्रपाली


कारखान्याचा तळ,
२८ डिसेंबर

चि. आम्रपालीस भारतचा जयभीम. पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या वहिनीला तिसरा महिना सरत आला आहे. ती तुला कळवणार नाही, म्हणून मी कळवतो.

इथल्या बायांनी परवा चोरओटी भरायला घेतली. ही ओटी सोडून उठून गेली. तू धाडलेलं पाकीट पदराला बांधून हिंडते, पण एकही गोळी खात नाही. मी विचारलं कावून, तर तुझं पहिलं पत्र माझ्यापुढं टाकलं. मी वाचलं. त्यात तू लिहिलं आहेस की बाळाची पाठ पहिल्या महिन्यात मिटते. हिचं म्हणणं, मागच्या वेळचं गिऱ्हाण उशिरा आलं होतं, म्हणून आम्राबाई म्हणतात ते खरं असेल. पण या वेळचं गिऱ्हाण नेमकं त्याच महिन्यात आलं, आणि माझ्या हातात कोयता होता. सरी मिटायच्या वेळीच मी कापत होते, म्हणते. दिवस मोजले तर तिचा हिशेब बरोबर येतो.

आता ती म्हणते, संक्रांतीला कारखाना एक दिवस बंद राहील, तेव्हा धुळाजी मुकादमाच्या बायकोसंगं दवाखान्यात जाऊन पाडून येते. एकदा पाहिलं तेवढं पुरे झालं म्हणते. आम्रा, मागच्या वेळी कालव्याच्या कडेला मीच खड्डा खणला होता. औंदा आमचा तळ तिथून जवळच आहे. पाणी आणायला हिला त्याच वाटेनं जावं लागतं. मी तिला काही म्हणू शकत नाही. कधी वाटतं तिचंच बरोबर. कधी वाटतं, नाही.

तू शिकलीस याचा आपल्या घरात सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला होता. तुझा शब्द ती मानते, म्हणून तर हे झालं. आता काय लिहायचं ते नीट विचार करून लिही. टपालाला उशीर लागतो, कय्युमच्या हाती दे.

आईला काही कळवू नकोस. कळवलंस तरी माझं नाव सांगू नकोस.

तुझा दादा,
भारत


चौसाळा, छावणीवरून,
४ जानेवारी २००४

चि. आम्रपालीस तुझी आई चतुराबाई हिचे आशीर्वाद. लिहिणार रुकसाना. चाची सांगतात तसंच लिहिते, माझं काही घालत नाही.

तुझी चिठ्ठी कय्युमनं दिली. मनकर्णाचं वाचून मी लई वेळ म्हशीपाशी बसून राहिले. ज्या तोंडानं मी तिला गिऱ्हाणाचं बोलले ते तोंड आता कुठं नेऊ? तू विचारलंस की तू पोटात असताना मी गिऱ्हाण पाळलं होतं का. तुझी शाळेतली एक जूनची तारीख धरू नको. ती गुरुजींनी टाकली, त्यांनी सगळ्याच पोरांना एक जून दिला. तू झालीस दसऱ्याच्या तोंडावर. बाजरीची कणसं खुडताना मला कळा आल्या.

त्या साली शिवरातीच्या पुढच्या आवसेला दुपारी सूर्याला मोठं गिऱ्हाण लागलं होतं. आम्ही मांजरसुंब्याच्या रस्त्याला रोजगार हमीवर खडी फोडत होतो. अंधारून आलं, कावळे झाडावर गेले. मुकादम तोंड झाकून घरी पळाला. ज्या बाया पोटुश्या होत्या त्या झाडाखाली पदर घेऊन बसल्या. मी फोडत राहिले, माझा ढीग राहिला होता. दिवस उजाडेपर्यंत हातोडा माझ्या हातातच होता. तू पोटात आहेस हे मला ठाऊकच नव्हतं. पाळी चुकून चार-आठ दिवस झाले असतील, मला वाटलं उन्हानं असेल. जिला ठाऊकच नाही ती गिऱ्हाण पाळणार कसं?

हे मी कुणाला सांगितलं नाही. तू धडधाकट झालीस, मग विसरून गेले. मनकर्णाच्या वेळी मात्र मला गिऱ्हाण आठवलं. माणूस असं का करतं गं?

रुकसानाचा सलाम. चाची उठून म्हशीला पाणी पाजायला गेल्या, म्हणून पत्र इथंच पुरं करते. त्यांच्याकडं लक्ष ठेवीन, तू घोर करू नको.


बीड,
ता. ६ जानेवारी २००४

सौ. मनकर्णा वहिनीस,
आम्रपालीचा जयभीम.

दादावर रागावू नकोस. हे पत्र कय्युम तुझ्याच हातात देईल. सोबत आईचे पत्र आहे. ते आधी वाच. रुकसानाभाभीचे अक्षर माझ्यापेक्षा मोठे आहे, जोडाक्षरेही कमी आहेत. मग हे वाच.

वाचलेस ना? आता मी दिवस मोजते. दसऱ्याच्या तोंडावर जन्मले, म्हणजे शिवरातीच्या सुमाराला माझी सरी मिटत होती. अगदी त्याच दिवसांत. तुझ्या बाळाचा जो हिशेब तू केलास, तोच माझा. वर भरदुपारी सूर्य झाकला होता आणि आईच्या हातात हातोडा होता, कोयत्याहून जड.

ट्यूटरबाई म्हणतील, एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. ते खरे आहे, आणि तुझ्यापाशी मी खरे तेच लिहिणार. म्हणून बाईंनाच विचारले की जिचे एक बाळ असे गेले तिचे पुढचे कसे होते. त्यांनी सांगितले, शंभरातल्या पंचाण्णवाहून जास्त जणींची बाळे चांगली होतात. काही थोड्यांची होत नाहीत. तू कोणत्या बाजूला आहेस ते मला माहीत नाही. पण ते चंद्रालाही माहीत नाही, धुळाजी मुकादमालाही नाही आणि कोयत्यालाही नाही. ती सावली आहे वहिनी. चंद्रावर पडते, पोटात शिरत नाही. आणि जी पाठ मिटली ती मिटली. मग कितीही गिऱ्हाणे येवोत, ती उघडत नाही.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाचा कणा वरपासून खालपर्यंत दिसतो. तोवर थांब. तेव्हा काही वावगे दिसले तर पुढे काय करायचे ते तू ठरव. तुझे शरीर आहे, घरात कोणी एक शब्द बोलणार नाही. कोणी बोललेच तर माझ्याशी गाठ आहे. आणि दिसेल ते बघण्याची ताकद नसेल तर मला लिही. सुट्टी मिळो न मिळो, मी येईन. पण गिऱ्हाणाला विचारून ठरवू नकोस. मी तुला अर्धेच सांगितले आणि अर्ध्याने तुला घाबरवले. उरलेले अर्धे हे आहे.

इसाच्या पुढे तू चुकायचीस तेव्हा मी म्हणायचे, खाली जा वहिनी, अजून मणके आहेत. तू जायचीस, आणि ते असायचे. माझ्या पाठीवरून तुझा हात कितीदा फिरला. तिथे कुठे खाच लागली होती का? आठवून बघ. मी इथे कोणाला माझी पाठ बघायला सांगू? तूच ती पाहिली आहेस.

उत्तराची वाट पाहते. रोज पोस्टमन येतो त्या वेळी मी जिन्यात उभी असते, मुली हसतात.

तुझी,
आम्रा


कारखान्याचा तळ,
२० फेब्रुवारी

नणंदबाईस मनकर्णाचा जयभीम.

उत्तर द्यायला लई उशीर केला. संक्रांतीला मुकादमाची बायकू लुगडं बदलून कोपीच्या दारात आली. मी म्हनलं, माझं आज जमत न्हाई, पाठ मोजायची राहिली हाय. तिला काई कळलं न्हाई. ती एकटीच बाजाराला गेली. त्याच रातीपासून पदराची गाठ सोडून गोळी घिऊ लागले. कडू न्हाईत, उगाच भ्याले. तरी मनात धाकधूक हुतीच. पोटावर हात ठिवत नव्हते. हात ठिवला का माया लागती.

पाचवा लागल्यावर काल आमी दोघं दवाखान्यात गेलो. कामाचा खाडा पडला म्हनून मुकादम वरडला. हे त्याला म्हनले, वरड बे, आज तुझी गाडी चंद्रच भरील. मी तर पदर तोंडात कोंबला.

दवाखान्यात पोटाला गार गार लावलं. डागदरीन बाईनं पडद्यावर बोट ठिवलं आन् ती काई सांगनार, त्याच्या आदी मीच वळखलं. पांढरे पांढरे मणके, बारीक, मुंगीच्या रांगंवानी. मी उजळणी सुरू केली. मोठ्यानंच म्हनत हुते, मला कळलंच न्हाई. डागदरीन बाई थांबली. इसाला पोचले. इसाच्या पुढं नेहमीवानी चुकले. मंग तुमचा आवाज आला, खाली जा वहिनी, अजून हाईत. गेले. हुते. पार बुडापत्तुर हुते, मधी कुठं फट न्हाई, रांग मिटलेली. मंग डागदरीन बाई म्हनली, पाठ चांगली हाय.

हे भाईर बाकावर बसले हुते. मी सांगितलं तर यांनी माझी चप्पल सरळ करून पायापशी ठिवली.

येताना कालव्याच्या वाटंनं आलो. तिथं जरा थांबले. तिला सांगितलं, तुझ्या पाठीत माझा हात नव्हता. औंदा इथं आल्यापून मी तिच्यापशी उभी बी राहत नव्हते, घागर घिऊन पळत जायची. तिचं नाव मी आता ठिवलंय. ते कुनाला सांगत न्हाई. तुमाला भेटल्यावर कानात सांगीन.

आत्याबाईंना कळवा, का मी रागात न्हाई. त्यांनी म्हशीला घास घालताना समजावं का हे मनकर्णानंच तोडलंय.

तुमी जिन्यात उभ्या राहता ते वाचून कसंसंच झालं. आता पोस्टमन आला का पत्र घ्या, आन् पयली ओळ वाचायच्या आदी ही शेवटची वाचा: इकडं मज्जा हाय. तिकडची कळवत जा.

मनकर्णा